सात खुर्च्या, १९३७



बोदवडहून तापी ओलांडली की फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन तिथे झाले. अध्यक्ष होते पंडित नेहरू, आणि टिळकनगर या बांबूच्या अधिवेशननगरीची सजावट होती नंदलाल बोसांची. शेतसारा, कर्ज, कुळांचे हक्क यांचा कार्यक्रम तिथेच मंजूर झाला. मंत्रिपदे घ्यायची की नाही, हा प्रश्न मात्र प्रांतिक निवडणूक होईपर्यंत लांबणीवर टाकला गेला.

निवडणुकीनंतरही गव्हर्नरच्या खास अधिकारांवरून घोळ चालला. मधले काही महिने धनजीशा कूपर यांचे अल्पमताचे मंत्रिमंडळ होते. १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला हाच शब्द होता. अनेकांना त्या पदावर काँग्रेसचे वीर नरिमन अपेक्षित होते, त्यावरून वादळही उठले.

मंत्रिमंडळात खुर्च्या सातच. खेर सॉलिसिटर. गृहखाते कन्हैयालाल मुन्शींकडे, म्हणजे गुजराती कादंबरीकाराच्या हाती पोलीस! महसूल मोरारजी देसाईंकडे. ते डेप्युटी कलेक्टरची नोकरी सोडून आलेले, सारावसुली आतून पाहिलेला माणूस. आरोग्य पारशी डॉक्टर गिल्डरांकडे. नूरी आणि ल. मा. पाटील हे आणखी दोघे.

मला सर्वांत बोलकी वाटते ती अर्थखात्याची खुर्ची. तिथे बसले अण्णासाहेब लठ्ठे. जैन समाजातले, ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेले, कोल्हापूरचे माजी दिवाण, शाहू महाराजांचे चरित्रकार. हा माणूस काँग्रेसच्या मंत्रिमंडळात येतो, यावरून ब्राह्मणेतर पक्षाचा प्रवाह कुठे वळला ते कळते. मुंबई प्रांतात तेव्हा गुजराती, मराठी, कानडी असे तिन्ही मुलूख होते. वाटणी करताना भाषा, धर्म, जात सगळे तोलले गेले. आमच्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी काट्यावर चढते तसे, किलोकिलोने.

मग काट्यावर कोण चढलेच नाही? सातांत एकही दलित नव्हता. बाई नव्हती, हंसाबेन मेहता संसदीय सचिव झाल्या, मंत्री नव्हे. आणि समोरच्या बाकावर डॉ. आंबेडकर होते. खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, रद्द करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ मध्येच मांडले, पण ते कायदा झाले नाही. कुळांसाठी फैजपुरात ठराव करणाऱ्या पक्षाचे सरकार असताना हे घडले, याचे मला आजही वाईट वाटते.

केले या मंत्र्यांनी पुष्कळ. पगार महिना ५०० रुपये घेतला, आणि १९३९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. सावकाराच्या वहीत अंगठा उठवणाऱ्या खान्देशातल्या कापूसवाल्याला त्याची किंमत सांगायला नको. पण हिंदुस्थानला न विचारता ब्रिटिश सरकारने महायुद्धात ओढले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्र्यांनी राजीनामे दिले. कारभार गव्हर्नरकडे गेला.

१९४६ मध्ये खेर परत आले. त्या मंत्रिमंडळात गणपतराव तपासे होते, दलित समाजातले.