पुतळ्याला जागा मिळाली, माणसांना?



अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात चिनी लोकांची फार जुनी वस्ती आहे. तिला चायनाटाऊन म्हणतात. तेथील सेंट मेरी चौकातील बागेत डॉ. सन यत-सेन यांचा पुतळा उभा आहे. अंगातील पायघोळ झगा चकचकीत पोलादाचा, तर चेहरा व हात तांबूस ग्रॅनाइटचे. शिल्पकार बेनियामिनो बुफानो हेही मूळचे इटलीचे, म्हणजे बाहेरून आलेलेच.

हा पुतळा म्हटला की आम्हांला त्यामागची माणसे आठवतात. चिनी मजुरांनी डोंगर फोडून अमेरिकेत रेल्वे नेली. त्याच मजुरांना १८८२ च्या कायद्याने देशात येण्याची बंदी झाली व चिनी माणसाला नागरिकत्वही नाकारले गेले. १९०४ साली खुद्द सन यत-सेन या बंदरात आले, तेव्हा त्यांनाही अडवून ठेवले होते. येथील चिनी बांधवांनी खटपट करून त्यांची सुटका केली.

हक्क नसलेल्या या लोकांनी काय केले? कपडे धुणाऱ्यांनी, खानावळीत राबणाऱ्यांनी घामाच्या पैशातून क्रांतीसाठी वर्गणी दिली. १९१० मध्ये सन यांनी याच शहरात आपल्या क्रांतिकारी संघटनेची शाखा काढली. ऑक्टोबर १९११ मध्ये चीनमध्ये उठाव झाला आणि १ जानेवारी १९१२ रोजी सन प्रजासत्ताकाचे हंगामी अध्यक्ष झाले. हजारो वर्षांची बादशाही संपली. त्यात परदेशी राबणाऱ्या या गरिबांचाही वाटा होता.

पुढे १९२५ मध्ये सन यांचे निधन झाले. महामंदीच्या काळात कलावंतांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून १९३० च्या दशकात हा पुतळा घडला. ज्या शहराच्या बंदरात त्यांना अडविले, त्याच शहराने त्यांना मानाची जागा दिली. परंतु बंदीचा कायदा तेव्हाही चालूच होता! तो १९४३ मध्ये रद्द झाला, आणि त्यानंतरही वर्षाला अवघ्या १०५ चिनी लोकांना प्रवेशाची मुभा मिळाली.

बंधु-भगिनींनो, पुतळ्याला जागा मिळाली म्हणजे त्याच्या माणसांना न्याय मिळाला, असे समजू नये. पुतळ्यापुढे हात जोडताना शेजारच्या वस्तीत कोण कसे जगते, हेही पाहावे. त्या बागेतील पुतळा आम्हांला हेच सांगतो.