आश्विनातले पाणी

(कोजागिरीच्या रात्री पैठण तालुक्यातील एका गावी, महिला मंडळ व तरुण मंडळ यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



चुलीवर दूध आटते आहे. ते आटेपर्यंत मला बोलायला सांगितले आहे. भाषण लांबले तर दूध करपेल आणि बोल माझ्यावर येईल. म्हणून मुद्द्याचेच बोलते.

पाऊस सरला. बाजरीची कणसे खळ्यावर आली. सोयाबीन निघाले. कापसाची वेचणी सुरू झाली. दिवसा ऊन चटके देते, पहाटे दव पडते. आभाळ निवळले की आपल्याला वाटते, चला, आजारपणाचे दिवस गेले. पण दवाखान्यात जाऊन पाहा. बसायला जागा नसते. कुणाला जुलाब, कुणाला हिवताप, कुणाचे अंग ठणकते. जुने वैद्यसुद्धा म्हणत, शरद ऋतू आला की आमच्या दारी गर्दी.

असे का होते? पावसाने गावातली घाण धुऊन नेली, असे आपण म्हणतो. पण नेली कुठे? विहिरीत, आडात, ओढ्यात. आता ओढ्याची धार आटली. पाणी जागोजागी डबक्यात थांबले. वर आश्विनातले ऊन. जंतूंना आणि डासांना आणखी काय हवे?

आपण पैठणकर, आपल्याला पाण्याची काय कमी? १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची कोनशिला बसवली. १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाथसागराचे पाणी छत्रपती संभाजीनगर शहर पिते. डाव्या कालव्याने ते जालना-परभणीकडे जाते, उजव्याने बीडकडे. तरी आपल्याकडे म्हण आहेच, धरण उशाला आणि कोरड घशाला. पाणी मिळणे ही एक गोष्ट. मिळालेले पाणी नीट ठेवणे ही दुसरी. दुसरी गोष्ट सरकारच्या हातात नाही. ती आपल्या घरात आहे, रांजणाजवळ.

एक बाई मला म्हणाल्या, "ताई, आमचं पाणी काचेसारखं आहे. त्याला काय उकळायचं?" पाणी काचेसारखे असते, पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. आणि विहिरीतून चांगले आलेले पाणीही घरात बिघडते. मूल अंगणातून येते, हात तसाच रांजणात घालते, पेला बुडवते. संपले! म्हणून रांजणावर झाकण हवे. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे हवे, आणि ते खुंटीला टांगलेले हवे. विहिरीत टीसीएल पावडर पडते की नाही, हे ग्रामपंचायतीला विचारा. विचारायला लाजू नका. तो तुमचा हक्क आहे. गढूळ पाणी आधी चौपदरी फडक्याने गाळा, मग खळखळून उकळा.

फडक्याला हसू नका, बरं का. इथे पांढऱ्या केसांची मंडळी बसली आहेत. त्यांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरायची, पाय बुडवायची, तेच पाणी प्यायची. वर्षभराने पायातून हातभर लांब किडा बाहेर यायचा. सुगीच्या दिवसांत माणूस खाटेवर पडून राहायचा. त्या नारूवर लस नव्हती. औषधही नव्हते. मग तो गेला कसा? पाणी गाळून पिल्याने गेला. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्याने, हातपंप बसवल्याने गेला. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. आज या पोरांना नारू हा शब्दही ठाऊक नाही. एवढे काम फडक्याने केले.

आता जुलाबाचे बोलते. आज मी खरी यासाठीच आले आहे.

लहान मुलाला जुलाब लागले की घरातली वडीलधारी बाई म्हणते, "पाणी देऊ नका गं, जुलाब वाढतील." तिच्या मनात माया असते. पण मूल जुलाबाने दगावते ते कशाने? अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्याने. तळाला चीर गेलेल्या रांजणात पाणी ओतायचे थांबवले, तर रांजण भरेल का? उलट लवकर रिकामा होईल. चीर बुजेपर्यंत वरून ओतत राहावे लागते. मुलाचेही तसेच आहे.

नाथांची कथा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन नाथ रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी देवाची कावड गाढवाच्या तोंडात ओतली. आपण ही कथा कीर्तनात ऐकतो, मान डोलावतो. मग घरात तापलेल्या लेकराने पाणी मागितले तर नाही का म्हणावे?

आता दूरची एक गोष्ट ऐका. १९७१ साली तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात युद्ध पेटले. पुढे त्याचाच बांगलादेश झाला. लाखो माणसे घरदार सोडून पश्चिम बंगालात आली. बनगाव येथे त्यांची छावणी होती. तिथे पटकीची साथ आली. माणसे जमिनीवर ओळीने पडलेली. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस नावाचे डॉक्टर तिथे होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज म्हणजे एक जातीची साखर, आणि खायचा सोडा पाण्यात मिसळला. ते पाणी पिंपांत भरून ठेवले. आजाऱ्याजवळ आई असो, भाऊ असो, त्याच्या हाती पेला दिला आणि सांगितले, पाजत राहा. आधी शंभरातली तीस माणसे दगावत होती. हे पाणी सुरू झाले, आणि मरणारे शंभरात चारच्याही खाली आले. ते पाजणारे काही डॉक्टर नव्हते. तुमच्या-आमच्यासारखीच माणसे होती. महालनबीस २०२२ साली वारले. पुढल्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

हीच आपली जलसंजीवनी. यात जादू नाही. साखर आतड्यात मिठाचा हात धरते आणि त्याला रक्तात घेऊन जाते. मिठाच्या मागोमाग पाणी जाते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, नुसती साखरही पुरत नाही. दोन्ही हवे, आणि मापात हवे.

माप ध्यानात धरा. उकळून गार केलेले एक लिटर पाणी. चहाचा लहान चमचा घ्या. साखर सहा चमचे, सपाट. मीठ अर्धा चमचा, तोही सपाट. शीग लावायची नाही. चाखून पाहा. डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागले तर ओतून द्या, पुन्हा करा. जास्त मीठ मुलाला घातक असते. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात ओआरएसची पुडी मिळते. ती मिळाली तर उत्तमच. मोठी पुडी एक लिटर पाण्यात सगळी एकदम टाकायची. आज थोडी, उद्या थोडी, असे नाही. केलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका.

दर जुलाबामागे दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पाव ते अर्धा कप द्या. मोठ्याला अर्धा ते एक कप. चमच्याचमच्याने. ओकले तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. अंगावरचे दूध तोडू नका. मऊ भात, वरण, पेज देत राहा. उपाशी मूल लढणार कशावर? उपकेंद्रातून झिंकच्या गोळ्या मिळतात. जुलाब थांबले तरी त्या सांगितल्याप्रमाणे १४ दिवस द्यायच्या.

पण डोळे खोल गेले, मूल पाणी पिईना, गुंगीत राहिले, लघवी होईना, किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी बसू नका. अंगारा-धुपारा नंतर. आधी १०८ ला फोन.

आता म्हणाल, हे सगळे आम्ही ऐकले, पण गावातल्या शंभर घरांत कोण सांगत बसणार? याचे उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. तिथे जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको आले. दुष्काळी मुलूख. त्या सुमारास तिकडे जन्मलेल्या हजार बाळांतली १७६ बाळे वर्षाच्या आत जात. डॉक्टर दोघे, गावे कितीतरी. त्यांनी पाहिले, दवाखाना बांधून हे थांबणार नाही.

मग त्यांनी गावांना सांगितले, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. पुष्कळशा बायांना अक्षरओळख नव्हती. कितीजणी दलित वस्तीतल्या. त्या जामखेडला जायच्या, शिकायच्या आणि गावी येऊन घरोघर सांगायच्या. बाळंतपण कसे करावे, जुलाबात काय पाजावे, मुलाचे वजन कसे करावे. पुरुषांची शेतकरी मंडळे निघाली. सुरुवातीला तर त्यांना एकत्र आणायला व्हॉलीबॉलचा खेळ मांडला! खेळता खेळता माणसे एका सतरंजीवर बसू लागली. बायांची महिला विकास मंडळे निघाली. हातपंप घ्यायचा तर तो दलित वस्तीत घ्यायचा, असेही त्यांनी केले. पाणी हवे तर सगळ्यांनी तिथे यायचे. मला विचाराल तर हे काम औषधापेक्षा मोठे झाले. आपल्या नाथांनी वाळवंटात रडणारे लेकरू जात न विचारता कडेवर घेतले होते. त्यांच्या पैठणात तरी पाणवठ्यावर भेद राहू नये.

१९९६ पर्यंत जामखेडच्या त्या गावांत बाळांचे मरण हजारी १७६ वरून २६ वर आले होते. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. काम चालू राहिले, कारण ते बायांच्या हाती होते.

त्यांतल्या एक मुक्ताबाई पोळ. १९८८ साली त्यांना अमेरिकेत वॉशिंग्टनला परिषदेत बोलायला नेले. मोठा दिवाणखाना, छताला काचेची झुंबरे. मुक्ताबाईंनी झुंबरांचे कौतुक केले. मग पिशवीतून दोन साधे दिवे काढले. एक पेटवला आणि त्यावर दुसरा पेटवला. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की मोठे डॉक्टर झुंबरासारखे, सुंदर पण महाग, गरिबाला लांब. आम्ही साधे दिवे. पण झुंबराने झुंबर पेटत नाही, दिव्याने दिवा पेटतो. सातासमुद्रापलीकडे जाऊन आपल्या बाईने हे सांगितले. मला तर ऐकून अंगावर काटा येतो.

डासांचे थोडक्यात सांगते. दूध दाट झालेले दिसते आहे. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, हौद, कूलर रिकामे करायचे. नुसते ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. काथ्याने घासा, उन्हात वाळवा. हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारीही लेकराला उघडे निजवू नका. फुटके टायर, नारळाच्या करवंट्या अंगणातून काढा. विहिरीत गप्पी मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातात. ताप आला तर रक्त तपासून घ्या, मनाने गोळ्या खाऊ नका.

आता मंडळाची बातमी. कोरडा दिवस शनिवारचा ठरला आहे. तरुण मंडळाची पोरे त्या दिवशी सकाळी घंटा वाजवत फिरतील. गप्पी मासे आणायचे कामही त्यांच्याकडे आहे. महिला मंडळाच्या दहाजणींनी दहा-दहा घरे वाटून घेतली आहेत. त्या येतील तेव्हा "आम्हाला ठाऊक आहे" म्हणून परत पाठवू नका. चहा पाजा आणि ऐका.

एक गोष्ट राहिली. दिवाळी झाली, काहींची तर दसरा झाला तसाच, की ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आपल्या मराठवाड्यातली कितीतरी घरे सहा महिने फडावर राहतात. कोपीत ना नळ, ना रांजण. तिथे मुलाला जुलाब लागले तर आशाताई हाकेच्या अंतरावर नसते. जी घरे निघणार आहेत त्यांनी जाण्याआधी मंडळात यावे. मुलांच्या लसीकरणाचे कार्ड, ओआरएसच्या पुड्या, पाणी गाळायचे फडके, झाकणाचे भांडे एवढे एका पिशवीत बांधून घ्यावे. पोटुशी बाई असेल तर तिचेही कार्ड आणि लोहाच्या गोळ्या. आजीजवळ मुले ठेवून जाणार असाल, तर आजीलाच घेऊन या. माप तिला आले पाहिजे.

येत्या बुधवारी दिवेलागणीला शाळेच्या ओसरीवर आपण सगळे जलसंजीवनी करून पाहणार आहोत. प्रत्येकीने एक लिटरची बाटली, घरातला चहाचा चमचा, आणि साखर-मीठ आणावे. बाप्यांनीही यावे. बायको माहेरी असते तेव्हा मूल आजारी पडत नाही, असे कुठे लिहिलेले नाही.

चला, दूध उतरवा. आधी पोरांना द्या.