विंचू उतरला की रोगी वाचला?



मी सातवी शिकलेली, चूल सांभाळणारी बाई. डॉक्टरी विषयावर बोलणे म्हणजे धिटाईच. परंतु विंचू आपल्या बीडकडे घरोघरचा आहे. गोवऱ्यांच्या ढिगात, सरपणात, कडब्यात हात घालणाऱ्या आपणच, आणि अनवाणी खेळणारी लेकरेही आपलीच. म्हणून चार शब्द सांगते.

मोठा काळा विंचू दिसायला भयंकर. पण जिवावर बेततो तो बहुधा लहानसा तांबडा. त्याच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो, फुप्फुसांत पाणी भरते. दरदरून घाम, ओकाऱ्या, गार पडलेले हातपाय आणि धाप ही धोक्याची लक्षणे.

हे कोडे उलगडले आपल्या मराठवाड्याच्याच सुपुत्राने. जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. विष भिनलेल्या रोग्यांपैकी शेकडा तीस-चाळीस तेव्हा दगावत. डॉक्टरांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. १९८२ साली विलायतेच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात त्या छापून आल्या. पुढे त्यांनी रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही गोळी वापरली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. मृत्यू शेकडा एकाच्या आसपास आले.

२०११ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सत्तर रोगी, दोन गट. नुसत्या गोळीने पस्तिसांपैकी आठजण दहा तासांत बरे झाले. गोळीबरोबर विंचवाची लस टोचली तेव्हा बत्तीसजण. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

मग मांत्रिकाकडे गेलेले बरे होतात ते कसे? पुष्कळ दंश मुळातच सौम्य असतात. ठणका आपोआप ओसरतो आणि श्रेय मंत्राला जाते. पण ज्याच्या अंगात विष भिनले, त्याची मोलाची घटका तिथेच जाते. म्हणून कापू नका, आवळून बांधू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. लेकराच्या बाबतीत तर क्षणही दवडू नका. गोळी डॉक्टरांच्या हातूनच घ्यावी, आणि घेतल्यावर रोग्याला उठवून बसवू नये. रक्तदाब एकदम उतरतो.

माझी एक सूचना आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणी कोपीत, उघड्या रानात निजतात. दिवाळीनंतर त्या निघण्यापूर्वी मंडळाने त्यांना बोलावून हे समजावून सांगावे, आणि ही औषधे शिल्लक आहेत का, हे आपल्या आरोग्य केंद्रात विचारून यावे.