एका संताच्या दोन समाध्या

पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे गाव आहे. जानेवारीत, माघाच्या प्रारंभी (तिकडील माघ सौर मानाचा) तेथे मोठा मेळा भरतो. ज्याच्या नावाने तो भरतो, तो संत जन्माने मराठी, व्यवसायाने शिंपी. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतल्यानंतर नामदेव उत्तरेकडे गेले आणि आयुष्याची वीसएक वर्षे त्यांनी या भागात काढली, अशी परंपरा आहे. ते परत फिरलेच नाहीत, त्यांचा देह घुमानलाच विसावला, ही तेथील लोकांची दृढ श्रद्धा. त्या श्रद्धेतूनच नामदेव दरबार हे तेथील धर्मस्थान उभे राहिले. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. तेव्हा पंजाबी माणसाला हा संत परका वाटावा कसा?

इकडे वारकरी ऐकून घेतो आणि शांतपणे पंढरपूरच्या महाद्वाराकडे बोट दाखवितो. शके १२७२ मध्ये, म्हणजे इ. स. १३५० साली, नामदेवांनी तेथे पायरीखाली समाधी घेतली, असे तो मानतो. संतांच्या पायांची धूळ मस्तकी पडावी, यासाठीच ही जागा त्यांनी मागितली म्हणे! पायरी पुढे पितळेने मढविली गेली, आणि यात्रेकरू आदरापोटी तिच्यावर पाय न ठेवता ती ओलांडून आत जाऊ लागले. नामदेवांनी जे मागितले तेवढे मात्र भक्तीने त्यांना मिळू दिले नाही.

देह एक आणि समाध्या दोन, हा हिशेब इतिहासाला जुळविता येणारा नाही. तो न जुळल्याने घुमानचा मेळा ओसरला नाही की पंढरीची वारी थांबली नाही. २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानलाच भरले. पायरीवर श्रद्धा ठेवणारे अनेकजण त्या दरबारासमोरही नतमस्तक झाले.

अस्थींना खरा अर्थ आहे तो पायरीसमोरच्या दुसऱ्या समाधीत. १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखोबा आणि त्यांचे सोबती गाडले गेले. त्यांच्या अस्थी शोधण्यासाठी नामदेव स्वतः गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी आख्यायिका आहे. त्या अस्थी त्यांनी महाद्वाराशी आणून ठेवल्या. महाद्वाराशीच, आत नव्हे. चोखोबांना जिवंतपणी मज्जाव करणारा तो उंबरठा त्यांच्या जातिबांधवांसाठी पुढे सहा शतके बंदच राहिला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले, तेव्हा कुठे तो मोकळा झाला. आज देवदर्शनास येणारा वारकरी आधी चोखोबांपुढे वाकतो, मग नामदेवांच्या पायरीला हात लावतो, आणि त्यानंतर आत शिरतो.