कोर्टाचा कागद आणि शेजारधर्म
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही घरातल्या मारहाणीविषयी बोलणार आहोत. चाळीच्या भिंती पातळ असतात. कोणाच्या खोलीत काय चालते ते साऱ्यांना ऐकू येते. तरी "नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडायचं?" असे म्हणून आपण दार लावून घेतो. म्हणून कायदा काय सांगतो ते आधी समजून घेऊ.

१९८३ साली दंड संहितेत ४९८-अ कलम आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ८५ वे कलम झाले आहे. त्यात छळ करणाऱ्याला तुरुंगवास आहे. पण त्या रात्री बाईने लेकरं घेऊन जायचं कुठं? याचे उत्तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने दिले. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. नुसती मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ करणे, घरखर्च न देणे, बाईचा पगार किंवा दागिने हिसकावणे, हीसुद्धा हिंसाच आहे.

बाईने संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. तो घटनेचा अहवाल लिहून न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवतो. थेट कोर्टातही अर्ज करता येतो. ती माहेरी राहत असेल तर तिथल्या कोर्टातही चालते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो.

पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हे आपण जाणतोच. म्हणून पहिल्याच अर्जात अंतरिम आदेश मागावा. प्रसंग गंभीर असेल तर समोरचा हजर नसतानाही तो देता येतो. मारहाण करू नये, कामाच्या जागी येऊ नये, घराबाहेर काढू नये, पोटगी द्यावी, मुलांचा ताबा आईकडे द्यावा, हे सारे मागता येते. खोली सासऱ्याच्या नावावर असली तरी, तिचा संसार तिथे झाला असेल तर ती तिथे राहण्याचा हक्क मागू शकते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

आता नीट ऐका. हा अर्ज केला म्हणजे नवरा लगेच तुरुंगात जातो, असे नाही. आधी त्याला आदेशाने रोखले जाते. पण संरक्षण आदेश मोडला, तर तो गुन्हा. १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो अजामीनपात्र आहे. आदेशाची प्रत फुकट मिळते. एक प्रत आपल्याजवळ आणि एक विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवावी.

आणि शेजाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. हिंसा होते आहे किंवा होणार आहे असे वाटले, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कायदा कसलाही ठपका ठेवत नाही. १८१ किंवा ११२ ला फोन लावता येतो. कोर्ट कागद देईल, पण मध्यरात्री दार ठोठावायला न्यायाधीश येणार नाहीत. तिथे आपणच पोचलो पाहिजे. तेव्हा उद्यापासून किंकाळी ऐकू आली की दार लावू नका, दार उघडा.