घरच्या दुरुस्तीसाठी हत्यारे घेताना
(लोहारा येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या लोहारा भागात सोयाबीन-तुरीची पेरणी आता बहुतांशी ट्रॅक्टरने होते. काळ्या रानात वापसा मिळतो तो दोन-चार दिवसांचा. नेमक्या त्याच दिवसांत मिस्त्री मिळत नाही. तेव्हा चाक काढणे, फणाचे बोल्ट आवळणे, डिझेल फिल्टर बदलणे एवढी कामे घरच्या घरी जमली पाहिजेत. ती जमणे निम्मे हत्यारावर अवलंबून असते.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी बाजारातून ४० नगांची चकचकीत पेटी स्वस्तात घेतली. ऐन पेरणीत ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा नट सोडविताना त्यातली गोटी उभी चिरली. बोटांची सालटी निघाली ती निघालीच. पण नटाचे कोपरे गोल झाले. छिन्नीने नट तोडला, उमरग्याहून नवा आणेपर्यंत दिवस मावळला. रात्री पाऊस झाला आणि पुढे आठ दिवस रानात पाय ठेवता आला नाही. त्या पेटीतील निम्म्या गोट्या तर मला कधी लागल्याच नव्हत्या.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरी एक काम करावे. मिस्त्रीचे पाने घटकाभर मागून घ्यावेत आणि ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, मोटारसायकल, जीप जे असेल त्याचे नेहमी सोडावे लागणारे नट मोजून वहीत लिहावेत. बहुतेकांची यादी १०, १२, १३, १४, १७ आणि १९ मिलिमीटर या मापांत संपेल. चाकाचे नट मात्र वेगळे मोजावेत. मॅसी फर्ग्युसनसारख्या जुन्या ट्रॅक्टरवर इंचाचे बोल्ट असतात, तेथे फसगत होते. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्याला १९ चा पाना सहसा चालून जातो. पण ९/१६ इंच म्हणजे १४.२९, त्यावर १४ चा बसत नाही आणि १५ चा ढिला होतो. ढिल्या पान्याने जोर लावला की नट गेलाच समजा. अशा ट्रॅक्टरसाठी इंचाचे दोन-तीन पाने वेगळे घ्यावेत.

पहिला पैसा रिंग पान्यांवर घालावा. उघड्या तोंडाचा पाना नटाला दोन बाजूंनी धरतो, रिंग पाना चोहोबाजूंनी. उघडा पाना जागा अडचणीची असेल तेथे आणि नट ढिला झाल्यावर भराभर फिरविण्यासाठी ठेवावा. गोट्या घ्यायच्या तर १/२ इंची चौकोनाच्या, लागतील तेवढ्याच सुट्या घ्याव्यात. गंजलेल्या नटासाठी आतून सहा कोनांची गोटी बारा कोनांपेक्षा चांगली. स्क्रू पाना सोयीचा वाटतो, पण त्याचा जबडा मागे सरकतो. घट्ट नटाला तो लावूच नये.

दुकानात खिशातून नट-बोल्ट घेऊन जावे आणि पाना बसवून पाहावा. डुगडुगला तर परत ठेवावा. माप आणि बनविणाऱ्याचे नाव धातूत कोरलेले असावे, नुसते चिकटविलेले नसावे. क्रोम व्हॅनेडियम हा चांगल्या पोलादाचा प्रकार आहे, पण ही अक्षरे कोणीही कोरू शकतो. त्यामुळे नावाजलेला माल ओळखीच्या दुकानातून पावतीसह घेणे बरे. आपल्याकडे नाशिकच्या सातपूरला टपारिया, तसेच पंजाबात जालंधर, लुधियाना येथे हातहत्यारे बनतात. त्यासाठी परदेशी मालाच्या मागे लागण्याची गरज नाही. पेचकसाचे टोक मऊ असेल तर तो फुलीच्या स्क्रूचा सत्यानाश करतो, म्हणून तोही चांगलाच घ्यावा.

काटकसर करायची ती दुसरीकडे. छिन्नी, पहार, टॉमी यांसाठी कंपनीचे नाव लागत नाही. गावचा लोहार जुन्या कमानपाट्याची छिन्नी घडवून देतो आणि पाणीही नीट देतो. शेगडा जुना मिळाला तर जरूर घ्यावा, फक्त त्याचे आटे झिजलेले नाहीत ना, हे जबडा हलवून पाहावे. हातोडीचा दांडा मात्र सैल नको.

गंजलेल्या नटावर आदल्या रात्री थोडे डिझेल सोडावे. पाना शक्यतो स्वतःकडे ओढावा, ढकलू नये. सुटला तर हात कमी लागतो. पान्याला पाईप घालून लांबी वाढवू नये, त्याने एक तर पाना मोडतो नाही तर बोल्ट. पकडीच्या मुठीवरचे रबर पाहून मोटारीच्या स्टार्टरला हात घालू नये, आधी फ्यूज काढावेत.

उसने मागणारे येतीलच, आणि शेजारधर्म म्हणून द्यावेही लागते. आपल्या पान्यांना एका रंगाची पट्टी मारून भिंतीवर त्यांची आकृती काढावी; संध्याकाळी कोणती जागा रिकामी आहे ते लगेच दिसते. आणि चाक काढताना जॅकवर भरवसा ठेवून ट्रॅक्टरखाली कोणी जाऊ नये. आधी दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, अॅक्सलखाली जाड लाकडी ओंडके द्यावेत आणि मगच पान्याला हात घालावा.