गाऊ, वाजवू, की जाऊ?



लहान मुलांच्या रुग्णालयात मी संगीतोपचार करते असं सांगितलं, की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग तापावर कोणता राग? आणि दम्यावर?" यात विचारणाऱ्याची चूक नाही. तानसेनाने दीपक गायला आणि दिवे पेटले, मल्हार गायला आणि पाऊस आला, या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो. रागाची गोळी करून सकाळ-संध्याकाळ द्यावी, ही कल्पना आपल्याला चटकन पटते. माझ्याजवळ मात्र तसा तक्ता नाही. ल्युकेमियावर केमोथेरपीच लागते, मोडलेलं हाड जुळायला प्लास्टरच लागतं. मग डॉक्टर, सिस्टर, फिजिओ असे सगळे असताना तिथे गाणाऱ्या बाईचं काम काय? तेच आज सांगायचं आहे.

वॉर्डात दाखल झालेल्या मुलाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे, अजून झोपेत असतानाच, कुणीतरी रक्त घ्यायला येतं. मग सिस्टर औषध पाजतात, मावशी अंग पुसतात, डॉक्टरांचा राउंड होतो. कुणी पोट दाबून बघतं, कुणी तोंड उघडायला लावतं, कुणी स्ट्रेचरवरून एक्स-रेला नेतं. सगळं त्याच्या भल्यासाठीच. पण यातलं जवळजवळ काहीच त्याच्या मर्जीवर नसतं, आणि ठेवताही येत नाही. चार वर्षांच्या मुलाने 'नको' म्हटलं म्हणून सलाईन थांबवता येईल का? लवकरच मुलाच्या लक्षात येतं, की इथे आपल्या 'नको'चा उपयोग नाही. मग काही मुलं पांढरा कोट दिसला तरी किंचाळतात. काही एकदम गप्प होतात, आणि आपण कौतुकाने म्हणतो, "किती शहाणं बाळ आहे, अजिबात त्रास देत नाही!" मला या शहाण्या मुलांचीच जास्त काळजी वाटते.

म्हणून खाटेजवळ गेल्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाऊ, वाजवू, की जाऊ?" आणि मूल 'जा' म्हणालं, तर मी खरोखरच जाते. लाडीगोडी लावत नाही, "एकच गाणं हं" म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा येते आणि पुन्हा तेच विचारते. सातेक वर्षांची एक मुलगी रोज भिंतीकडे तोंड करून 'जा' म्हणायची. एकदा ती 'जा' म्हणाली, मी दारापर्यंत गेले, आणि आदल्या दिवशी तिच्या उशाशी ठेवलेला खुळखुळा वाजला. मी परत आले. "जा!" मी गेले. पुन्हा खुळखुळा. आमचं संगीत तिथून सुरू झालं. त्यात सूर नव्हता, शब्दही एकच होता; पण त्या वॉर्डात तिच्या हुकमाने चालणारं एक मोठं माणूस तिला मिळालं होतं. सगळं इथून सुरू होतं.

माझ्या पिशवीत काय असतं, हेही सांगते. प्लॅस्टिकचे खुळखुळे, धातूच्या छोट्या झांजा, सिंथेटिक पानाची खंजिरी, एक छोटं गिटार. कातड्याची ढोलकी मला फार प्रिय, पण कॅन्सरच्या वॉर्डात ती नेत नाही. तिथल्या मुलांची प्रतिकारशक्ती औषधांनी खाली गेलेली असते, आणि कातडं, दोऱ्या, लाकडाच्या खाचा जंतुनाशकाने नीट पुसता येत नाहीत. हार्मोनियमच्या भात्यात धूळ बसते, म्हणून तीही बाहेरच. शिट्टी किंवा पिपाणी एकाची दुसऱ्याला द्यायची नाही. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना प्रत्येक वाद्य पुसायचं, हात धुवायचे. गाण्यापेक्षा पुसण्यातच जास्त वेळ जातो, असं मी गमतीने म्हणते, पण ते फारसं खोटं नाही.

आता दुखण्याविषयी. भाजलेल्या मुलाचं ड्रेसिंग बदलायचं असतं, तेव्हा सिस्टर आणि मी आधी बोलून घेतो. पट्टी केव्हा सुटणार, कुठला भाग जास्त दुखणार, हे मला माहीत असावं लागतं. वेदना कमी करण्याचं औषध दिलेलंच असतं. त्याची जागा गाणं घेत नाही. माझं काम मुलाच्या हातात कारभार देण्याचं. त्याने मोकळा हात वर केला, की मी मोठ्याने गायचं. खाली केला, की हळू. मूठ मिटली, की गप्प. मग पोरगा मला छळतो! मध्येच मूठ मिटतो, मी आ वासून थांबते, तो हसतो, पुन्हा हात वर करतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये वेदनेचा 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. जखमेकडून निघालेला संदेश मज्जारज्जूतल्या जणू एका फाटकातून पुढे जातो, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते फाटक कमी-जास्त उघडू शकतात, असं तो सांगतो. भीतीने दुखणं वाढतं आणि लक्ष गुंतलं की कमी जाणवतं, याचं उत्तर त्यात आहे. कमी जाणवतं, नाहीसं होत नाही. मूल रडतंही. रडता रडता माझ्यावर हुकूम सोडतं.

कॅनडातल्या एडमंटन शहरात, तातडीच्या विभागात सलाईनची सुई लावायच्या 42 मुलांवर झालेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. संगीतामुळे मुलांच्या त्रासात सरसकट मोठा फरक पडलेला त्यात दिसला नाही. पण सुई लावणाऱ्यांना मात्र संगीत चालू असताना काम सोपं गेलं. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. गाण्याने खोलीतली मोठी माणसंही जरा सैल होतात, आणि सैल हाताची सुई नीट लागते.

एक पथ्य मात्र मी पाळते. घरी आई जी अंगाई म्हणते, ती ड्रेसिंगच्या किंवा सुईच्या वेळी कधीच म्हणत नाही. ते गाणं एकदा दुखण्याला चिकटलं, की घरी गेल्यावर झोपवायला काय उरणार? अशा वेळेसाठी आम्ही वेगळं, थोडं चावट गाणं जुळवतो.

रडणाऱ्या मुलापुढे संथ, गोड गाणं सुरू केलं, की ते शांत होईल असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा उलट होतं. त्याचं रडणं दुगुनीत आणि आपलं गाणं विलंबितात. ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. अमेरिकेतल्या आयरा आल्टशुलर या मानसोपचारतज्ज्ञाने 1940च्या दशकात यावर एक तत्त्व मांडलं. संगीत आधी रुग्णाच्या मनःस्थितीला जुळवा, मग हळूहळू बदला. पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन पियानोवादक आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा विशेष मुलांचा इंग्लिश शिक्षक, हे दोघे 1959 मध्ये इंग्लंडमधल्या सनफिल्ड इथे एकत्र काम करू लागले. मूल किंचाळलं, तर नॉर्डॉफ त्याच सुरात पियानो वाजवायचा. आपल्या रडण्याला कुणीतरी साथ करतंय, हे कळलं की काही मुलं रडता रडता त्या सुरात सूर मिसळायची. आपल्याकडे तबल्यावर बसणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. गवई जिथे जाईल, तिथे साथ जाते. वॉर्डात गवई मूल असतं.

पायांवर शस्त्रक्रिया झालेली मुलं पुन्हा चालायला शिकतात, तेव्हा फिजिओ आणि मी बरोबर असतो. मायकेल थाउट या संशोधकाने 1990च्या दशकापासून दाखवून दिलं, की ठाम, एकसारख्या ठेक्यावर पावलं जास्त नियमित पडतात. आधी मुलाची स्वतःची चाल मोजायची, ठेका तिला जुळवायचा, मग किंचित वाढवायचा. माझ्याकडे यासाठी दिंडीतल्या पावलीचा ठेका आहे. वारी पाहिलेल्या मुलाला काही समजावून सांगावं लागत नाही. ठेका वाढवायचा की नाही, हे तोच ओरडून सांगतो.

आता सगळ्यात छोट्या मुलांकडे येते. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं अतिदक्षता कक्षात काचेच्या पेटीत असतात. तिथे वाद्य नाही, फक्त आवाज, आणि तोही अगदी बारीक. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 1997 मध्ये सांगितलं, की या कक्षातला आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये. आपलं साधं बोलणंच साठच्या आसपास असतं. न्यूयॉर्कच्या जोॲन लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 रुग्णालयांतल्या 272 अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांनी निवडलेलं गाणं अंगाईसारखं संथ करून बाळाच्या श्वासाच्या अंदाजाने गायलं, तर बाळाच्या हृदयाची गती उतरते आणि आईवडिलांवरचा ताणही कमी होतो, असं त्यांना आढळलं.

आपल्याकडे या कक्षातल्या आया म्हणतात, "मला कुठं गाता येतं?" मी म्हणते, गाऊ नका, बाळाला ज्या नावाने हाक मारणार, ते नाव दोन सुरांत म्हणा. एका वडिलांना गणपतीच्या आरतीशिवाय काहीच येत नव्हतं. आम्ही त्यातल्या टाळ्या आणि झांजा काढल्या, चाल संथ केली, आणि आरतीची अंगाई झाली.

आणि इतकं इवलं बाळसुद्धा 'पुरे' म्हणतं, हे मला तिथल्या सिस्टरांनी शिकवलं. बोटं फाकतात, कपाळाला आठी पडते, उचकी लागते, मान वळते, मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली सरकतो. यातलं काही दिसलं, की ओळ अर्धी सोडून मी थांबते. बोलता न येणाऱ्याचा 'नको' आधी ओळखावा लागतो, एवढाच फरक.

मोठ्या मुलांचं तंत्र निराळं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला खुळखुळा दाखवला तर तो आपल्याकडे बघणारही नाही. त्यांच्याबरोबर मी गाणी रचते. विषय बहुधा तक्रारीचे असतात. रोजची खिचडी, गळणारे केस, "काही दुखणार नाही" असं सांगून सुई टोचणारी मोठी माणसं. एका गाण्यात सगळ्या डॉक्टरांच्या नकला होत्या. राउंडच्या वेळी ते गायचं की नाही, हे मी त्या मुलावर सोडलं. त्याने गायलं, आणि डॉक्टरांना ते शेवटपर्यंत उभं राहून ऐकावं लागलं. यातली सगळीच मुलं बरी होऊन घरी जात नाहीत. त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केलेली असतात. ती कुणाला ऐकवायची आणि कुणाला नाही, हेही मूलच ठरवतं.

श्रोतेहो, तुमच्या नात्यातलं, शेजारचं एखादं मूल रुग्णालयात असेल, तर तुम्ही भेटायला जाल. खाऊ नेण्याआधी सिस्टरना विचाराल, तसंच मुलालाही विचारा, गाणं म्हणू का? उशाशी मोबाइल मोठ्याने लावून ठेवू नका. खोलीतली यंत्रं आधीच पुरेसा आवाज करत असतात. तुमचा गळा कसा आहे, याची काळजी करू नका, मूल परीक्षक नसतं. ते म्हणेल ते गाणं म्हणा, मग ते तुम्हाला न आवडणारं, वरातीत वाजणारं का असेना. आणि ते 'पुरे' म्हणालं, तर कडवं अर्धं राहिलं तरी थांबा.